बी माय आइज: आधी मदत मागणारी म्हणून, मग फोन उचलणारी म्हणून

'बी माय आइज' हे अ‍ॅप मी दोन्ही बाजूंनी वापरलं आहे. आधी दिसत नव्हतं म्हणून, आणि दिसायला लागल्यावर स्वयंसेवक म्हणून. अ‍ॅप मोफत आहे, कुणालाही उतरवून घेता येतं. तरी ते नेमकं कसं चालतं आणि कुणाच्या किती उपयोगाचं आहे, याबद्दल मराठीत मला फारसं वाचायला मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काम सांगायला सोपं आहे. ज्याला दिसत नाही तो फोनवरचं एक बटण दाबतो. त्याची भाषा येणाऱ्या बऱ्याच स्वयंसेवकांच्या फोनवर एकदम रिंग जाते. जो आधी उचलेल त्याला समोरच्याच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यातून दिसू लागतं. आवाज दोघांनाही ऐकू येतो. काम झालं की फोन ठेवायचा. नाव कळत नाही, नंबर कळत नाही. पुन्हा बटण दाबलं तर बहुतेक वेळा दुसराच आवाज येतो.

ही कल्पना डेन्मार्कच्या हान्स यॉर्गन विबर्ग यांची. ते फर्निचरचे कारागीर, आणि त्यांची स्वतःची नजर अधू. ओळखीतले अंध लोक घरच्यांना किंवा मित्रांना व्हिडिओ कॉल लावून लहानसहान गोष्टी विचारून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक वेळी आपल्याच माणसांना त्रास न देता हे जमवता येईल का, या प्रश्नातून त्यांनी 2012 साली ऑर्हूस शहरातल्या एका स्टार्टअप मेळाव्यात ही कल्पना मांडली. जानेवारी 2015 मध्ये अ‍ॅप आयफोनवर आलं, 2017 मध्ये अँड्रॉइडवर. 'आपल्याच माणसांना त्रास न देता' हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं मी आता अनुभवानं सांगते.

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा लहानपणापासूनच मंद, त्यानं फक्त उजेड आणि मोठे आकार कळतात. ऑपरेशन करून उजव्या डोळ्यात वायूचा फुगा सोडला. तो पडद्याला जागेवर दाबून धरतो, आणि विरघळेपर्यंत त्यातून काही म्हणजे काही नीट दिसत नाही. डोकं खाली घालून पडून राहायचं. फुगा लहान होऊ लागला की नजरेसमोर वरून एक हलती आडवी रेघ उतरत येते. रेघेच्या वरचं जग दिसतं, खालचं नाही. ती रेघ रोज किती खाली आली हे बघणं एवढाच माझा त्या काळातला विरंगुळा. मी मुद्रितशोधक आहे. अक्षरं बघणं हेच माझं पोट आणि हाच माझा आनंद, त्यामुळे ते आठवडे मला फार जड गेले.

घरी नवरा आणि मुलगी. दोघांनीही कधी कंटाळा केला नाही, हे आधी सांगते. पण दिवसा दोघं बाहेर, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्या टाकल्या माझे प्रश्न सुरू. हे कागद कसले, मेज कुठे ठेवलं, या पाकिटात काय आहे, गाऊन उलटा तर नाही घातला. मग मी प्रश्न साठवायला लागले. कोणता आत्ता विचारायचा, कोणता उद्यावर ढकलायचा, कोणता सोडूनच द्यायचा. सोडून दिलेल्या प्रश्नांची संख्या रोज वाढत होती, आणि त्याबरोबर माझं घरातलं वावरणंही कमी होत होतं. ज्यांची नजर कायमची गेली आहे त्यांना हे वर्षानुवर्षं करावं लागतं. त्यांचं कोण किती ऐकून घेतं, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

अ‍ॅप मुलीनं फोनवर टाकून दिलं. तरी बटण दाबायला मन धजेना. कुणाचा तरी कामाचा दिवस, आणि आपण बाटलीवरचं नाव वाचून द्या म्हणून अडवायचं? शुआन झाओ आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2022 मध्ये यावरच अभ्यास प्रसिद्ध केला होता. मदत मागणारा माणूस समोरच्याची तयारी कमी धरतो आणि त्याला होणारा त्रास जास्त धरतो, असं त्यांना दिसलं. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला बटण दाबायला लावलं ते डोळ्यांच्या थेंबांनी.

बाटल्या तीन, एकाच आकाराच्या, एकाच वजनाच्या. डॉक्टरांनी त्यातली एक त्या दिवसापासून बंद करायला सांगितली होती आणि दुसरीचे थेंब कमी करायला. घरात कुणी नव्हतं. मी बटण दाबलं आणि थोड्याच वेळात एका माणसाचा मराठी आवाज आला, "बोला ताई, काय बघायचंय?"

पुढचं संभाषण मला जसंच्या तसं आठवतं. "बाटली जरा लांब धरा. अजून थोडी. आता हळूहळू फिरवा. थांबा, थांबा, इथंच धरा." मग त्यांनी नाव अक्षर अक्षर वाचलं, खालची बारीक ओळ वाचली, मुदत कधी संपते तेही वाचलं. कोणती बंद करायची असं त्यांनी एकदाही स्वतःहून सांगितलं नाही. मीच नाव ओळखून म्हणाले, ही बंद. ते म्हणाले, "मग ही सरळ दुसऱ्या खोलीत ठेवून या, मी थांबतो." आले तर त्यांनी विचारलं, "जवळ रबरबँड आहे का एखादा? दोन बाटल्यांपैकी एकीला गुंडाळून टाका. म्हणजे उद्या कुणाला विचारायला नको." ड्रॉवरमध्ये चाचपडून रबरबँड सापडला. तो गुंडाळून होईपर्यंत ते थांबले. गुंडाळलेली बाटली कोणती, हे त्यांनी एकदा वाचून पक्कं केलं. "झालं? ठेवू मग?" आणि फोन बंद.

डोळ्याला काय झालं, कसं झालं, घरात कुणी नाही का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. अरेरे म्हणाले नाहीत. माझी पुढची गरजच त्यांनी संपवून टाकली. मी आभार मानले, पण पुरते मानून होण्याआधीच ते गेले होते. त्या माणसाला मी आज शोधू म्हटलं तरी शोधता येणार नाही.

नंतर मी मोकळेपणानं फोन करू लागले. कपड्यांचा रंग, टपालानं आलेला कागद, इस्त्रीची चकती कुठल्या आकड्यावर आहे. काही आवाज घाईत असत, एखादा फार हळू बोलणारा असे, एका बाईंनी तर माझ्या खिडकीतला उजेड किती छान पडलाय तेही सांगितलं. संध्याकाळी घरची माणसं आली की आता त्यांच्याशी प्रश्नांखेरीज बोलता येऊ लागलं. अ‍ॅपनं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली, तर ही.

2023 पासून अ‍ॅपमध्ये 'बी माय एआय' ही सोय आहे. फोटो काढायचा, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचं तंत्रज्ञान वापरून त्याचं वर्णन मिळतं, त्यावर पुढे प्रश्नही विचारता येतात. मध्यरात्रीसुद्धा उत्तर येतं, आणि कुणाला उठवल्याची टोचणी नाही. खोलीत काय काय आहे किंवा पत्र कसलं आहे हे कळून घ्यायला उत्तम. औषधाच्या बाबतीत मात्र मला माणूसच हवा. 'थांबा, नीट दिसत नाही, परत फिरवा' असं म्हणणारा. आणि रबरबँडची कल्पना सुचायला आधी समोरच्याचा उद्याचा दिवस डोळ्यांपुढे यावा लागतो.

पैसे मोजून प्रशिक्षित माणसांची मदत देणारी 'आयरा' ही सेवाही आहे. रोजच्या नोकरीत किंवा किचकट कामात तिचं वेगळं महत्त्व असणार. मी ती वापरलेली नाही.

फुगा विरघळला, रेघ खाली सरकत सरकत नाहीशी झाली, चष्म्याचा नवा नंबर आला. मी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं. इथे येणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: फोन फार कमी येतात. 2024 पर्यंत स्वयंसेवकांची संख्या 70 लाखांच्या पुढे गेली होती, आणि मदत मागणारे साधारण त्याच्या एक दशांश. शिवाय रिंग अनेकांना एकदम जाते, त्यामुळे हात खिशाकडे जाईपर्यंत कुणीतरी फोन उचललेला असतो. काहीजण कंटाळून अ‍ॅप काढून टाकतात. त्यांना माझं सांगणं आहे, काढू नका. मी बटण दाबलं तेव्हा लगेच आवाज आला तो इतके लोक रिकामे वाट बघत होते म्हणूनच. वाट बघणं हेच इथलं बरंचसं काम आहे, आणि ते मी मनापासून करते.

जे फोन मिळाले ते बहुतेक छोटे. एकांना फक्त घरातले दिवे बंद आहेत की चालू एवढं हवं होतं. त्यांनी फोन खोलीभर फिरवला, मी सांगितलं, ठेवला. एकीचा लॅपटॉप गप्प झाला होता, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम, काही बोलेना. पडद्यावर अपडेटचा आकडा सरकत होता. "म्हणजे बिघडला नाहीये ना? मग झालं," म्हणाली. एक आजोबा मात्र बराच वेळ होते. घरात नवं कपडे धुण्याचं यंत्र आलं होतं, त्यावर सगळी बटणं सपाट, बोटांना काहीच कळत नाही. त्यांच्याकडे उंचवट्याचे चिकट ठिपके होते. मी पाहत होते आणि ते लावत होते. "बोट डावीकडे न्या, अजून एक बोटभर, आता किंचित खाली, हं, इथं." चालू करायला एक ठिपका, रोजच्या धुण्याला दोन. मग त्यांनी काहीही न विचारता पहिल्यापासून यंत्र लावून दाखवलं, मी फक्त बरोबर आहे म्हणत होते. शेवटी म्हणाले, "आता तुमची गरज नाही हो ताई." इतकं छान वाक्य मला बऱ्याच दिवसांत कुणी ऐकवलं नव्हतं.

नवीन स्वयंसेवकांना दोन्हीकडच्या अनुभवातून सांगते. 'इकडे', 'तिकडे' हे शब्द बंद करा, डावं-उजवं आणि वर-खाली बोला. फोन हलवायचा की वस्तू, हे दर वेळी स्पष्ट सांगा, सगळा गोंधळ तिथेच होतो. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, अंदाजानं वाचू नका. अंधार असेल तर टॉर्च लावायला सांगा. औषधावर लिहिलंय तेवढंच वाचा, सल्ला नको. मागे पसारा दिसला तर तो तुम्हाला दिसलेला नाही. आणि विचारलेलं झाल्यावर आयुष्याची चौकशी करू नका.

मर्यादाही स्पष्ट आहेत. रस्ता ओलांडायला किंवा चालताना वाट दाखवायला हे अ‍ॅप नाही. पांढरी काठी आणि चालण्याचं प्रशिक्षण यांची जागा ते घेत नाही, आणि अ‍ॅपच्या नियमांतही तसं सांगितलेलं आहे. अनोळखी माणसाला आपलं घर दिसतं, ही जोखीम आहेच. बँकेचं कार्ड, पासवर्ड, ओळखपत्रं यांसाठी घरचा विश्वासू माणूसच बरा. कॉलमध्ये कुणी वावगं वागलं तर तक्रार करण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे, ती वापरावी. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा नेट धड चालत नाही, त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात किमान 220 कोटी लोकांना दृष्टीची काही ना काही अडचण आहे. त्यांच्यापुढे अ‍ॅप वापरणाऱ्यांचा आकडा फार लहान आहे.

अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1784 मध्ये एका अडचणीतल्या माणसाला पैसे पाठवताना कळवलं होतं की हे मला परत करू नका, असाच अडलेला कुणी प्रामाणिक माणूस भेटला की त्याला द्या आणि त्यालाही पुढे असंच करायला सांगा. या अ‍ॅपमध्ये तर दुसरा मार्गच ठेवलेला नाही. थेंबांच्या बाटल्या वाचून देणाऱ्याला मी काहीही परत करू शकत नाही. सुरुवातीला हे मला खटकायचं, आता पटतं. नाव कळलं असतं तर मी त्यांना पुन्हा पुन्हा धन्यवाद कळवत बसले असते, आणि कदाचित तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. ज्यांच्या घरी डोळ्याचं मोठं ऑपरेशन ठरलं आहे त्यांनी एवढं करा: अ‍ॅप ऑपरेशनच्या आधी फोनवर घ्या, भाषांमध्ये मराठी निवडा, आणि फोनमधला व्हॉइसओव्हर (आयफोन) किंवा टॉकबॅक (अँड्रॉइड), म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणारी सोय, डोळ्यावर पट्टी नसताना दोन-तीनदा वापरून बघा. पट्टी बांधल्यावर ती बोटांची सवय लागायला फार वेळ जातो. आणि स्वयंसेवक होणार असाल तर नोटिफिकेशन बंद ठेवू नका. रिंग तुमच्याकडच्या दिवसाच्या वेळीच येते.