जेमिनी-९ चा थ्रीडी-प्रिंट संच: मागची बाजू आधी जोडा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या थ्रीडी-प्रिंटिंग गाळ्यात जून १९६६ मधल्या जेमिनी-९ए या अमेरिकी अंतराळमोहिमेचा १:२४ मापाचा संच ऑर्डरवर करून मिळतो. किंमत ३,२०० रुपये. खोक्यात यान, अवकाशात ज्याला ते जोडायचं होतं ते लक्ष्ययान, बाहेर पडलेल्या अंतराळवीराची आकृती, डिकॅल आणि चार पानी मराठी माहितीपत्रक असतं. मापं चोख आहेत. खरं जेमिनी ५.८ मीटर लांब आणि बुडाशी ३.०५ मीटर रुंद होतं. इथे लांबी २४ सेंटिमीटर आणि बुडाचा व्यास १२.७ सेंटिमीटर भरतो. मोठे भाग पीएलए या प्लास्टिकचे आणि बारीक भाग रेझिनचे आहेत, हा निर्णय अगदी योग्य. संच घेण्यासारखाच आहे, पण माहितीपत्रकात दिलेल्या क्रमाने जोडलात तर यातला सर्वांत मोलाचा भाग झाकला जाईल.

तो भाग म्हणजे अडॅप्टरची, म्हणजे अंतराळवीर बसतात त्या कॅप्सूलच्या मागे जोडलेल्या पोकळ भागाची, आतली मागची बाजू. बहुतेक मॉडेलमध्ये अंतराळवीर उघड्या दाराशी तरंगताना दाखवतात. जेमिनी-४ मधल्या एड व्हाइटसाठी ते ठीक आहे. जेमिनी-९ए मधल्या युजीन सर्ननची खरी झुंज झाली ती यानाच्या पाठीमागे. अमेरिकी हवाई दलाने बनवलेलं, पाठीवर बांधून उडायचं एएमयू नावाचं यंत्र अडॅप्टरच्या पोकळीत बसवलेलं होतं. सर्ननने दारातून निघून, यानाच्या अंगाअंगाने मागे जाऊन, त्यात पाठमोरं शिरायचं, जोडण्या करायच्या आणि मग मोकळं व्हायचं, अशी योजना होती. हे यंत्र या संचात दिलंय. हातांसाठीच्या दांड्या, खालची पायदांडी, यंत्राचे दुमडणारे हात, सगळं सुटं आणि नीट छापलेलं आहे. एवढ्या मन लावून केलेल्या कामाला चुकीच्या क्रमामुळे धक्का लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

माहितीपत्रक सांगतं की आधी कॅप्सूल आणि अडॅप्टर चिकटवा, मग मागचं काम करा. तसं केलंत तर यान उलटं धरून काम करावं लागतं आणि नाकावरचे बारीक भाग टेबलावर दाबले जाऊन तुटतात. म्हणून अडॅप्टर सुटा असतानाच मागची बाजू पूर्ण करा. आतल्या कडेला २२० चा, मग ४०० चा पॉलिश पेपर फिरवा, कारण प्रिंटच्या आडव्या रेघा इथे सर्वांत जास्त दिसतात. प्रायमरचे दोन पातळ हात द्या. बाहेरून पांढरा रंग, तोही फार चकचकीत नको.

खऱ्या यानात मागची पोकळी सोनेरी उष्णतारोधक पडद्याने झाकलेली असायची. माहितीपत्रक सोनेरी स्प्रे मारायला सांगतं. तो पितळी आणि मंद दिसतो. त्यापेक्षा चॉकलेटचा सोनेरी कागद हलका चुरगळा, बोटाने अर्धवट सपाट करा आणि पाणी घातलेल्या फेविकॉलने लावा. पूर्ण गुळगुळीत करू नका. तो पडदा मऊ होता, पत्रा नव्हता.

आता पायदांडी. इथे संचाची सर्वांत मोठी चूक आहे. दांडीवर पाय पूर्ण अडकतील असे बंद बुटांच्या साच्यासारखे दोन भाग छापलेत. ते जेमिनी-१२ चे, म्हणजे नोव्हेंबर १९६६ मधले. बझ ऑल्ड्रिनला तसे साचे आणि कंबरेचे पट्टे मिळाले, पाण्याखाली सरावही मिळाला, आणि त्याची कामं नीट झाली. सर्ननच्या वाट्याला साध्या रिकिबी होत्या आणि त्यांत पाय ठरत नव्हते. दाब भरलेला सूट ताठ, हात वळवायलाही जोर लागे. पाय रोवलेले नसल्यामुळे लावलेला प्रत्येक जोर त्याचं स्वतःचंच अंग फिरवत होता. एवढ्या श्रमाने शरीर तापलं, घाम फुटला. छातीवरच्या पेटीची थंड करण्याची क्षमता अपुरी पडली आणि हेल्मेटची काच आतून धुरकट झाली. नाकाने काच घासून त्याने बघण्यापुरती जागा केली. शेवटी कमांडर थॉमस स्टॅफर्डने प्रयोग थांबवला. सर्नन २ तास ७ मिनिटं बाहेर होता आणि एएमयू एकदाही उडालं नाही.

हे सगळं त्या दोन छोट्या भागांत सामावलेलं असल्याने ते बदलायलाच हवेत. बंद साचे कटरने काढून टाका. २६ गेजची तांब्याची तार घ्या. मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात ती मिळते. पेन्सिलीभोवती वळवून दोन उघड्या कमानी करा आणि दांडीला इपॉक्सीने चिकटवा. एएमयू सर्वांत शेवटी बसवा, आधी बसवलंत तर पायदांडीपर्यंत चिमटा पोहोचत नाही.

आकृतीबद्दल दोन गोष्टी. माहितीपत्रक पूर्ण पांढरा सूट दाखवतं. सर्ननच्या पायांवर धातूच्या धाग्यांनी विणलेलं चंदेरी आवरण होतं, कारण एएमयूच्या हायड्रोजन पेरॉक्साइड थ्रस्टरमधून निघणारी गरम वाफ पायांजवळून जाणार होती. कंबरेखाली स्टील रंग द्या, त्यावर काळ्या रंगाचं पातळ पाणी फिरवून लगेच पुसा, म्हणजे विणीचा पोत उठून येतो. दुसरं, यानातून सूटला प्राणवायू पोचवणाऱ्या नळीची दोरी. खरी २५ फूट, म्हणजे या मापात जवळजवळ ३२ सेंटिमीटर. खोक्यातली २० सेंटिमीटरचीच आहे, ती दारापासून मागपर्यंत नेली की ताणली जाते. नवी लावा आणि आत बारीक तार ओवा. सुती दोरी गुरुत्वाकर्षणाने लोंबते आणि सगळा देखावा खोटा पडतो.

लक्ष्ययानाकडे वळूया. मूळ योजनेतलं अजेना हे लक्ष्ययान १७ मे १९६६ ला अ‍ॅटलस रॉकेट बिघडल्याने समुद्रात गेलं. बदली म्हणून एटीडीए हे इंजिन नसलेलं साधं लक्ष्य १ जूनला गेलं आणि ३ जूनला जेमिनी. स्टॅफर्ड जवळ पोहोचला तेव्हा लक्ष्याच्या तोंडावरच्या टोपणाच्या दोन फाका अर्धवट उघडून अडकल्या होत्या. उड्डाणाआधी त्यांच्या दोऱ्या नीट जोडायच्या ऐवजी टेपने चिकटवल्या गेल्या होत्या. स्टॅफर्डला ती रागावलेली सुसर वाटली आणि तेच नाव जगभर झालं. जोडणी अशक्य झाली, तरी दोघांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लक्ष्य गाठलं. त्यातल्या एकीत रडार वापरलं नाही, एकीत वरच्या बाजूने खाली आले. अवकाशभेटीच्या दृष्टीने मोहीम भक्कम यशस्वी होती, हे सुसरीच्या फोटोमुळे लोक विसरतात.

संचातल्या फाका सुंदर आहेत, पण बिजागरीला अडथळा नसल्याने त्या ६० अंशांपर्यंत पसरतात. खऱ्या साधारण २५ ते ३० अंश उघड्या होत्या. पुठ्ठ्याचा ३० अंशांचा त्रिकोण कापून मध्ये धरा आणि बुडाशी इपॉक्सीचा थेंब टाका. बुडाचा पट्टा तसाच राहू द्या, त्यानेच फाका धरून ठेवल्या होत्या.

खोक्यावरच्या चित्रात उघडी सुसर आणि बाहेर आलेला सर्नन शेजारीशेजारी आहेत. हे घडलेलंच नाही. तिसरी भेट आटोपून ४ जूनला जेमिनी लक्ष्यापासून दूर गेलं. दोघे फार थकले होते म्हणून स्पेसवॉक ५ जूनवर ढकलला गेला. तेव्हा एकाच पाटावर दोन्ही मांडू नका. दोन वेगळे पाट करा, किंवा सुसर ठेवायची असेल तर दारं बंद ठेवा. विज्ञान-प्रदर्शनासाठी मुलांना हा संच देणाऱ्या ठाण्यातल्या शाळांनी हे नक्की लक्षात घ्यावं, परीक्षक नेमकं हेच विचारतील.

आपल्याकडच्या हवेमुळे होणारे घोळ माहितीपत्रकात नाहीत. जून ते सप्टेंबर चमकदार क्लिअर कोट मारू नका. दमट हवेत लॅकर सुकताना पाणी धरतं आणि पांढुरका पडतो. खिडक्यांना इन्स्टंट ग्लू नको, त्याची वाफ काचेवर पांढरी भुरी धरते आणि दमट हवेत हा त्रास वाढतो. फेविकॉल लावा, सुकल्यावर पारदर्शक होतो. डिकॅल रात्रभर सुकू द्या. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या छपराखाली पूर्ण झालेलं मॉडेल ठेवू नका. अडॅप्टरची पातळ कडा आधी वाकते.

कॅप्सूल काळी, त्यात नाकाकडचे पत्रे किंचित वेगळ्या गडद छटेचे ठेवा, तिथे वेगळा धातू होता. अडॅप्टरवरच्या १६ थ्रस्टरची तोंडं छापताना बुजलेली येतात; १ मिलिमीटरच्या ड्रिलने हाताने उघडा, मशीनने पीएलए वितळतं. नाकावरची मार्गदर्शक पट्टी रेझिनची आणि फार नाजूक आहे, तिच्या जागी पितळी तार घाला.

ऑर्डर देताना दोन गोष्टी मागून घ्या: अडॅप्टरची भिंत किमान २ मिलिमीटर आणि पायदांडी बंद साच्यांशिवाय. दुसरी मागणी गाळ्यात मान्य होते, फाइलमध्ये ते भाग वेगळे आहेत.