नोकरीआधीच्या चौकशीची एजन्सी: माझा अनुभव, पाचपैकी दोन तारे

खराडीतल्या नव्या कंपनीत रुजू होताना माझं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं बीजीव्ही, एका बाहेरच्या एजन्सीने केलं. त्यांचं पोर्टल, मोबाइल अ‍ॅप आणि पत्ता तपासायला येणारा माणूस या तिन्हींशी माझा संबंध आला. नाव लिहीत नाही, कारण तीच एजन्सी माझ्या आत्ताच्या कंपनीचं काम करते. पण पोर्टलची लिंक ज्यांना आज-उद्या येणार आहे त्यांना यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

मी स्वतः पेरोलमध्ये, म्हणजे पगाराच्या विभागात काम करते. अशा एजन्स्यांच्या मेलना उत्तरं देणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे: अमुक व्यक्ती तुमच्याकडे अमुक तारखेपासून होती का, शेवटचा हुद्दा काय, पुन्हा कामावर घ्याल का. बनावट एक्स्पिरिअन्स लेटर मी हातात धरून पाहिलेलं आहे. लेटरहेड हुबेहूब आमचं, आणि खाली सही करणारा मॅनेजर आमच्याकडे कधी नव्हताच. तेव्हा पडताळणी व्हायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. माझी तक्रार संमती कशी घेतली जाते आणि कधी घेतली जाते, याबद्दल आहे.

आधी ज्या दोन गोष्टी चांगल्या झाल्या त्या सांगते. ‘सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू नये’ असा पर्याय फॉर्ममध्ये होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. माझा शेवटचा दिवस होईपर्यंत आमच्या एचआरला एकही मेल आला नाही. हे सगळीकडे होत नाही. दुसरं, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या पदवीची पडताळणी त्यांनी परस्पर केली. मला मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र अपलोड करण्यापलीकडे काही करावं लागलं नाही, शुल्कही मागितलं नाही. दोन तारे या दोन गोष्टींचे.

आता वेळेबद्दल. ऑफर लेटर मिळालं, मी राजीनामा दिला, नोटीस पिरियड सुरू झाला आणि मग पोर्टलची लिंक आली. तोवर ऑफर लेटरमध्ये एवढंच एक वाक्य होतं की नेमणूक ‘समाधानकारक पडताळणीच्या अधीन’ राहील. काय तपासणार, कोणाला विचारणार, कोणती कागदपत्रं लागणार, याचा एक शब्द नाही. ज्या बाईने जुनी नोकरी सोडलेली आहे, जिच्या घराचा हप्ता पुढच्या महिन्यात जाणार आहे, तिच्यापुढे फॉर्म ठेवून ‘मान्य आहे का’ असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. ती नाही म्हणून जाणार कुठे? हीच यादी ऑफर लेटरसोबत आली असती तर राजीनामा देण्याआधी मी चार प्रश्न विचारले असते, आणि एचआरनेही ते ऐकून घेतले असते. पोर्टल कितीही चकाचक असू दे, हा क्रम बदलत नाही तोवर त्या संमतीला मी संमती मानायला तयार नाही.

फॉर्ममधला मजकूर मी पूर्ण वाचला. इंग्रजीतला एकच लांबलचक परिच्छेद. सध्याचे आणि पूर्वीचे मालक, शिक्षणसंस्था, बँका, पतसंस्था, पोलीस, न्यायालयं, ‘तसेच इतर कोणतीही व्यक्ती वा संस्था’ यांच्याकडून माझ्याबद्दल ‘कोणतीही’ माहिती मिळवायला मी परवानगी देते, ती नोकरीच्या पूर्ण काळात लागू राहील आणि त्यातून उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्यातून मी सगळ्यांना मुक्त करते. खाली एकच चौकट, आणि तिच्यात टिकमार्क आधीच केलेला. शिक्षणाच्या तपासणीला हो आणि क्रेडिट रिपोर्टला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींना नाही असं वेगवेगळं म्हणायची सोयच नाही. माझ्या कामात बँकेच्या खात्यांशी संबंध येतो, त्यामुळे क्रेडिट रिपोर्ट पाहण्यामागचं कारण मी समजू शकते. पण मग तसं लिहा ना, की या पदासाठी या कारणाने हे पाहणार आहोत.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ६ याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, आणि सांगितलेल्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढ्यापुरतीच ती धरली जाईल. याच कलमात एक उदाहरण दिलंय: डॉक्टरी सल्ल्याचं अ‍ॅप फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागतं आणि माणूस दोन्हींना हो म्हणतो, तरी कॉन्टॅक्ट लिस्टची त्या कामाला गरज नसल्याने ती संमती धरली जाणार नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण या एजन्सीच्या अ‍ॅपने मला कॅमेरा आणि लोकेशनसोबत कॉन्टॅक्ट्सचीही परवानगी मागितली. मी नाही म्हटलं. अ‍ॅप व्यवस्थित चाललं. मग मागितली कशाला?

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीच्या व नोटिशीच्या, म्हणजे कोणती माहिती कशासाठी घेणार ते आधी कळवण्याच्या, मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. कलम ७मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरायची वाट ठेवलेली आहे. कंपन्या उद्या तिच्याकडे बोट दाखवतील हे मला दिसतंय. पण फॉर्मवर माझी सही घेताय ना? मग ती सही कशावर घेताय ते नीट सांगायला हवं.

आणि भाषा. हाच इंग्रजी फॉर्म आमच्या जुन्या ऑफिसात हाउसकीपिंगच्या मावशींना आणि कॅबच्या ड्रायव्हरदादांना दिला जायचा. ‘इथे सही करा’ म्हणून फुलीची खूण केलेली असायची, बस. त्यांची पोलीस पडताळणी तर माझ्यापेक्षा कडक होते. नव्या कायद्यात संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे. ज्या दिवशी हे पोर्टल मराठीत उघडेल त्या दिवशी मी आनंदाने एक तारा वाढवीन.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पीएफच्या पासबुकावरून. पोर्टलने यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर मागितला, इथपर्यंत ठीक. पुढे पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओचा ओटीपी पोर्टलमध्येच टाका म्हणजे आम्ही पासबुक खेचून घेऊ, असं आलं. मी थांबले. पासबुकात फक्त मालकांची नावं नसतात. दर महिन्याला कोणत्या पगारावर पीएफ कापला गेला ते असतं, म्हणजे सगळ्या पगारवाढींचा इतिहास आला. आणि कधी किती रक्कम काढली तेही असतं. वडिलांच्या बायपासच्या वेळी मी पीएफमधून पैसे काढले होते. ती नोंद माझ्या आणि माझ्या घराच्या अडचणीची आहे. खराडीतल्या कोणा अनोळखी विश्लेषकाने ती बघायचं काही कारण नाही. त्यांना हवं काय होतं? एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी नव्हती ना, आणि तारखा जुळतात ना. २०२२मध्ये मूनलाइटिंगचा गवगवा झाल्यापासून बऱ्याच आयटी कंपन्या हे बघतात.

त्यासाठी ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर ‘व्ह्यू’मध्ये ‘सर्व्हिस हिस्ट्री’ नावाचं पान आहे. तिथे आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख एवढंच दिसतं. मी त्या पानाची पीडीएफ केली आणि अपलोड केली. पोर्टलने ‘इनसफिशियंट’ म्हणून परत पाठवली. पुन्हा तीच अपलोड केली आणि सोबत मेल लिहिली की तारखा पडताळायला यात काय कमी आहे ते लेखी कळवा. तिसऱ्या फेरीत स्वीकारली. लिंक आलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की ओटीपी देऊ नका, सर्व्हिस हिस्ट्री द्या. ती चालते.

आधारचंही तसंच. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार, आधार देणारी सरकारी संस्था यूआयडीएआय स्वतः देते. ते त्यांनी आधी नाकारलं, मेलनंतर घेतलं. यावर जास्त लिहीत नाही.

नावाचा घोळ मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण आपल्याकडच्या बहुतेक लग्न झालेल्या बायकांना तो भोगावा लागतो. माझी पदवी माहेरच्या नावाने, आधार आणि पॅन सासरच्या नावाने. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालं, आडनावही बदललं. पोर्टलने ‘नेम मिसमॅच’ म्हणून केस अ‍ॅम्बरमध्ये, म्हणजे शंका असलेल्यांत टाकली आणि मॅरेज सर्टिफिकेट मागितलं. नवऱ्याची माहिती असलेला तो कागद कशाला द्यायचा? त्याने तर कोणत्याच फॉर्मवर सही केलेली नाही. मी नावबदलाचं राजपत्र दिलं आणि ते मान्य झालं. राजपत्र केलेलं नसेल तर काय, याचं उत्तर हेल्पलाइनवरच्या मुलीकडे नव्हतं.

त्यानंतर न्यायालयीन नोंदींची तपासणी. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात, एजन्स्या तेच करतात. माझ्या अहवालात विदर्भातल्या एका न्यायालयातला धनादेश न वटल्याचा, कलम १३८चा खटला ‘संभाव्य जुळणी’ म्हणून आला. पहिलं नाव तेच, आडनाव तेच. मधलं नाव सरळसरळ वेगळं. आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नाव-आडनावाच्या दहा बायका सापडतील, माणूस ओळखायचा तो मधल्या नावावरूनच. त्यांच्या सिस्टिमने नेमकं तेच बाजूला ठेवलं. माझी जन्मतारीख, माझे पत्ते सगळं त्यांच्याकडे होतं, एक फोन करून विचारता आलं असतं. तसं न करता अहवाल आधी कंपनीच्या एचआरकडे गेला. पेरोलच्या पदासाठी निवडलेल्या बाईच्या नावापुढे चेक बाउन्सचा खटला! मला कळलं ते एचआरमधल्या ताईंनी भल्या मनाने फोन केला म्हणून. त्यांनी सवड दिली, मी नावातला फरक लिहून पाठवला, नोंद निघाली, अहवाल हिरवा झाला. दुसरी कंपनी असती तर ऑफर गुपचूप मागे घेतली गेली असती आणि कारणही कळलं नसतं.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आहे, मूळ १९७०चा. बाहेरच्या एजन्सीकडून चौकशी करायची तर मालकाने तसं वेगळ्या कागदावर सांगायचं, लेखी परवानगी घ्यायची, आणि अहवालावरून नोकरी नाकारायची असेल तर आधी त्याची प्रत उमेदवाराला द्यायची. त्या शेवटच्या गोष्टीला काहीच खर्च नाही. पोर्टलवर माझं लॉगिन आहेच, अहवाल तिथे मला आधी दाखवा, काही दिवस द्या आणि मग एचआरला पाठवा.

पत्त्याची पडताळणी. चिंचवडच्या घरी आलेला मुलगा सभ्य होता. बाइकवरून दिवसभर फिरून, केसमागे पैसे मिळवणारा. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच्या फोनमधल्या फॉर्ममध्ये शेजाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर आणि सही हे रकाने भरल्याशिवाय केस बंद होत नव्हती. समोरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी नंबर दिला, सही केली. त्यांना कोणी सांगितलं की तो नंबर कुठे जाणार आहे?

कायमचा पत्ता कराड तालुक्यातला, माझ्या माहेरचा. तिथे दुसरा माणूस गेला. घर सापडेना म्हणून फाट्यावरच्या किराणा दुकानात थांबला आणि चार माणसांसमोर विचारलं, की ही बाई कशी आहे, घरात कोण कोण असतं, पोलीस केस वगैरे काही आहे का. संध्याकाळी आईचा फोन. ‘अगं, तुझी चौकशी करायला कोण आलतं? काय झालंय का तिकडं?’ गावात चौकशी येते ती सोयरिकीसाठी नाहीतर पोलिसांची. माझं लग्न कधीच झालेलं आहे. पुढचे कितीतरी दिवस आई देवळात गेली की बायका विचारायच्या. नोकरीसाठी अशी चौकशी करतात हे सत्तरीच्या बाईने कोणाकोणाला समजावून सांगायचं? नंतर कळलं की पत्ता डिजिटल पद्धतीनेही तपासता येतो. घरातल्या कोणीही लिंक उघडून दाराशी उभं राहून लोकेशन आणि फोटो पाठवायचा, झालं. आमच्या गावच्या घरी माझ्या भावाने ते दोन मिनिटांत केलं असतं. हा पर्याय मला कोणी विचारलाच नाही.

रुजू झाल्यावर मी एजन्सीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना मेल पाठवली. २०११च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमणं आणि त्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढणं बंधनकारक आहे. मी तीन गोष्टी मागितल्या आहेत: चुकीच्या खटल्याची नोंद असलेला पहिला अहवाल पुसावा, काकूंचा नंबर काढून टाकावा, आणि माझी कागदपत्रं किती काळ ठेवणार ते सांगावं. ‘क्लायंटच्या धोरणानुसार’ एवढ्या दोन शब्दांचं पहिलं उत्तर आलंय. मी ते धोरण पाठवा म्हणून पुन्हा लिहिलंय. आलं की इथेच खाली जोडते.