पोलकी घ्यावी की कुंदन?
दोन्ही जडाऊच, म्हणजे खडे जडवलेले दागिने, जयपूर-बिकानेरचे कारागीर घडवतात, मागे मीनाकारी (रंगीत मिन्याची नक्षी) असते, म्हणून फोटोत फरक कळत नाही. पण पोलकीत खरा हिरा असतो, पैलू न पाडलेला, त्यामुळे तो लखलखत नाही, आतून मंद चमकतो आणि मला तर तीच चमक जास्त आवडते. बाजारात कुंदन म्हणून मिळतं त्यात बहुतेक काचेचे खडे असतात, स्वस्त पडतं, एकदोन लग्नांसाठी मस्त. पोलकी महाग आहे, पण पुढच्या पिढीला देता येते. फक्त आत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असते, तिचंही वजन भरतं, म्हणून बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्यांचे कॅरेट वेगवेगळे लिहून घ्याच, आणि हिरे नैसर्गिक की लॅबमध्ये बनवलेले तेही. पाणी, परफ्यूम दोन्हींना नकोच, खड्यांमागच्या वर्खाची चमक जाते.