झोटेरो : एमए इंग्लिशच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी रिव्ह्यू

प्रोजेक्टचा सीझन आला की ज्युनियर्सचा ठरलेला मेसेज येतो, ताई गाईड एमएलए फॉरमॅट म्हणालेत, एखादी साईट सांगा ना जिथे टाकलं की आपोआप होऊन जातं. एमएलए म्हणजे साहित्यावरच्या लेखनात संदर्भ द्यायची ठरलेली पद्धत. तर साईटच्या नादी लागू नका, लॅपटॉपवर झोटेरो टाका, लेख-पुस्तकं साठवून संदर्भांची यादी बनवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे आणि सुरू केलंय अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या इतिहासवाल्यांनी, त्यामुळे आर्ट्सवाल्यांची नड ओळखून बनवलंय हे वापरताना जाणवतं. पण सगळे याला बिब्लिओग्राफीचं, म्हणजे संदर्भांच्या यादीचं, मशीन समजून घेतात आणि तेवढंच वापरून सोडून देतात, माझ्या मते खरा माल त्याच्या पीडीएफ रीडरमध्ये आहे, त्यावर खाली येतेच.

आधी बिब्लिओग्राफी उरकते. ब्राउझरमध्ये झोटेरोचा कनेक्टर टाकायचा, जेस्टोरवर (जर्नलांचं ऑनलाइन भांडार) लेख उघडला की वर आयकॉन येतो, दाबला की लेख, जर्नल, साल, पानं सगळं आत, ॲक्सेस असेल तर पीडीएफसकट. पुस्तक हातात असेल तर जादूच्या कांडीचं चिन्ह आहे त्यात आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा नंबर) टाकायचा. पण इथे डोकं बाजूला ठेवायचं नाही. समजा अरुण कोलटकरांच्या जेजुरी या कवितासंग्रहावर प्रोजेक्ट आहे. आयएसबीएन टाकला की अख्खं पुस्तक येतं, 'द बस' ही कविता वेगळी येत नाही. ती हवी तर बुक सेक्शन म्हणून स्वतः एंट्री करायची, कवितेचं नाव वर आणि पुस्तकाचं नाव बुक टायटलमध्ये. आणि न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सची २००५ ची आवृत्ती असेल तर प्रस्तावना अमित चौधुरींची आहे, तिच्यातलं वाक्य उचललं तर ती एंट्री चौधुरींच्या नावाने वेगळी. नाहीतर चौधुरी बोलतात आणि कंसात कोलटकर येतात, व्हायवाला एक्सटर्नलने नेमकं तेच पान उघडलं की संपलं. कवितेच्या ओळींचे नंबर छापलेले नसतील तर मोजत बसू नका, पान नंबर द्या, एमएलएलाही तेच चालतं.

आता 'प्रिंट' आणि 'वेब'ची भानगड. बऱ्याच कॉलेजात अजून प्रत्येक एंट्रीच्या शेवटी प्रिंट लिहा म्हणतात. ती पद्धत एमएलएच्या नियमपुस्तकाच्या २००९ च्या सातव्या आवृत्तीची. २०१६ ला आठवी आली त्यात ते काढून टाकलं, प्रकाशनाचं शहरही बहुतेक ठिकाणी गेलं, आणि २०२१ ची नववी त्याच रस्त्याने चालते. गाईडशी वाद घालून काही मिळत नाही, मार्क त्यांच्या हातात. झोटेरोच्या स्टाईल रिपॉझिटरीत सातवी आवृत्तीसुद्धा आहे, ती टाका, एका क्लिकवर सगळी यादी जुन्या पद्धतीत. उद्या पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवायचा आणि त्यांना एपीए ही दुसरी पद्धत हवीय तर परत एक क्लिक. हे हाताने करणाऱ्यांचे हाल बघितलेत मी, रात्र रात्र स्वल्पविराम हलवत बसतात बिचारे.

आता ॲनोटेशन, म्हणजे वाचताना केलेल्या खुणा आणि टिपा. २०२२ मध्ये झोटेरोची सहावी व्हर्जन आली तेव्हा पीडीएफ रीडर आतच आला, आणि २०२४ च्या सातव्यात ईपबसुद्धा (ई-बुकची फाईल) वाचता येतं. हायलाइट, अंडरलाइन, चिकटनोट, चौकट मारून चित्र कापणं, पेनने गिरवणं, सगळं आहे. माझा नियम सोपा, पिवळा म्हणजे लेखकाचं वाक्य जसंच्या तसं वापरणार, लाल म्हणजे मला पटलेलं नाही, निळा म्हणजे थिअरीची व्याख्या. आणि प्रत्येक पिवळ्याखाली कमेंटचा डबा असतो त्यात लगेच माझ्या शब्दांत एक ओळ, मोडकंतोडकं इंग्लिश असलं तरी चालेल, मराठीत लिहिली तरी चालेल. हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण महिनाभराने वहीत उतरवलेलं वाक्य आपलं की त्या लेखकाचं हेच आठवत नाही आणि निम्मं प्लॅजियरिझम तिथूनच होतं, चोरी करायची म्हणून कोणी करत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि रेफरन्स लिस्ट मोजणीत धरत नाहीत. म्हणजे कोट करायला भ्यायचं कारण नाही, कोणाचं काय ते कळलं पाहिजे बस.

वाचून झालं की त्या लेखावर राइट क्लिक करून ॲनोटेशनवरून नोट बनवायची. सगळी हायलाइट एकाखाली एक, प्रत्येकाच्या शेवटी लेखक आणि पान नंबर, त्यावर क्लिक केलं की पीडीएफचं तेच पान उघडतं. वर्डमध्ये ॲड नोट दाबलं की ही नोट सायटेशनसकट आत येते. बघण्यासारखी गोष्ट एकच, पान नंबर. लेख जर्नलमध्ये २११ पानावर आणि पीडीएफ म्हणते पान १, असं होतं कधी कधी. हायलाइटवरच्या पान नंबरवर क्लिक करून तो बदलता येतो आणि पुढच्या सगळ्या पानांना लागूही करता येतो. पहिल्या हायलाइटलाच तपासा, शेवटी नाही.

मराठी मटेरियलसाठी मात्र मार्क कापते. मराठी पुस्तकांचा आयएसबीएन टाकला की बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, एंट्री हाताने करावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली पीडीएफ असेल तर स्क्रीनवर मराठी छान दिसतं आणि हायलाइट केलं की नोटमध्ये इंग्रजी अक्षरांचा चिवडा येतो. दोष झोटेरोचा नाही, फाँटचाच, पण त्रास आपल्यालाच. तिथे चौकट मारून चित्र कापायचं आणि वाक्य स्वतः टाईप करायचं. ओसीआर न केलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरला अक्षरं ओळखू न येणाऱ्या, स्कॅन प्रतींनाही हाच उपाय. रोमन लिपीत मराठी नाव लिहिलं असेल तर लँग्वेजच्या रकान्यात एमआर (mr, मराठीचा कोड) टाका, नाहीतर इंग्लिश समजून मधली अक्षरं कॅपिटल करून ठेवतं.

अजून एक, हायलाइट झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात, पीडीएफ फाईलमध्ये नाही. गाईडला नुसती फाईल व्हॉट्सॲप केली तर त्यांना कोरं दिसणार, आधी ॲनोटेशनसकट एक्सपोर्ट करा. आणि डीटीपीवाल्याकडे सेटिंगला द्यायच्या आधी वर्डच्या एका कॉपीत अनलिंक सायटेशन्स दाबून (झोटेरोशी जोड तुटून संदर्भ साधा मजकूर होतात) ती द्या, मूळ फाईल स्वतःकडे. फुकट स्टोरेज ३०० एमबी, लेखांना पुरतं पण स्कॅन पुस्तकं टाकली की भरतं. २ जीबीला वर्षाला २० डॉलर आहेत, ते भरायची आमच्यासारख्यांना गरज नाही, जड फाईली पेन ड्राइव्हवर ठेवा आणि झोटेरोला नुसत्या लिंक करून जोडा, लिंक केलेल्या फाईली त्यांच्या स्टोरेजवर जात नाहीत.

पाच-सहा रेफरन्सचं असाइनमेंट असेल तर हे सगळं राहू दे, पर्ड्यू औल (पर्ड्यू युनिव्हर्सिटीची लेखन शिकवणारी साईट) उघडा आणि हातानेच लिहा. उलट एकदा तरी हाताने लिहाच, म्हणजे झोटेरोने एडिटरचं नाव लेखकाच्या जागी टाकलं तर डोळ्याला खटकेल. प्रोजेक्ट असेल तर पहिला लेख डाउनलोड करायच्या आधीच टाका. सबमिशनच्या आठवड्यात टाकलं तर जुने रेफरन्स एकेक करून भरायला बसावं लागेल आणि शिव्या मला घालाल.