गिळताना होणारी वेदना : आधी गोळ्या की आधी दुर्बीण?

छातीत जळजळ झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांत आम्लपित्ताची गोळी घेतली जाते आणि पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. परंतु उकड्या तांदळाच्या कोमट पेजेचा घोट छातीच्या मधल्या हाडामागे पोचताच कळ येऊन माणूस वाटी खाली ठेवत असेल, तर ते केवळ आम्लपित्त आहे असे समजू नये. जळजळ जेवणानंतर किंवा आडवे पडल्यावर वाढते. ही वेदना मात्र घोटागणिक येते आणि अन्ननलिकेच्या अस्तरावर जखम असल्याचे सुचवते.

लावणीच्या हंगामात लेप्टोपासून (लेप्टोस्पायरोसिस या तापापासून) बचावासाठी घेतलेली डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल जेमतेम घोटभर पाण्याबरोबर गिळून कोणी लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करू शकते. अशी जखम औषध थांबवल्यावर बहुधा काही दिवसांत भरून येते. म्हणून आपण कोणत्या गोळ्या घेत आहोत, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे.

तसे कारण नसेल, तर दोन विषाणूंचा विचार करावा लागतो. हर्पिस सिम्प्लेक्स म्हणजे तापानंतर ओठाच्या कडेला बारीक फोड आणणारा विषाणू. तो धडधाकट तरुणांच्या अन्ननलिकेतही क्वचित आढळतो. (आपण जिला नागीण म्हणतो, तिचा विषाणू त्याच कुळातला असला तरी वेगळा आहे.) सायटोमेगालो विषाणू मात्र बहुतांशी प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना गाठतो : मूत्रपिंड बदललेले, केमोथेरपी चालू असलेले किंवा एचआयव्ही पुढच्या टप्प्यात गेलेले रुग्ण. पहिल्याचे व्रण लहान, उथळ व अनेक असतात, तर दुसऱ्याचे मोठे, लांबट आणि कधी खोल. हर्पिसवर असायक्लोव्हिर चालते आणि गिळता येत असल्यास गोळ्यांनीही भागते. सायटोमेगालोवर ते पुरेसे ठरत नाही. त्यासाठी गॅनसायक्लोव्हिर साधारणतः शिरेवाटे सुरू करतात, उपचार कित्येक आठवडे चालतात आणि रक्तातील पेशी घटत नाहीत ना, हे वारंवार तपासावे लागते. एवढा फरक असताना आधी दुर्बिणीने अन्ननलिका आतून न तपासता (एंडोस्कोपी न करता) अंदाजाने औषध निवडणे मला योग्य वाटत नाही.

अंदाजाने उपचार सुरू करण्याचा एक मान्य अपवाद आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाच्या जिभेवर बुरशीचा पांढरा थर दिसत असेल, तर डॉक्टर आधी फ्लुकोनॅझोल देऊन पाहतात, कारण अशा रुग्णांत विषाणूंपेक्षा बुरशीचा संसर्ग अधिक आढळतो. तीन ते पाच दिवसांत गिळणे सुधारले नाही, तर दुर्बीण लांबवू नये. पाणीही उतरत नसेल, उलटीत रक्त येत असेल किंवा शौच काळी होत असेल, तर मात्र वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

दुर्बिणीची सोय गावाजवळ नसते, सिंधुदुर्गातून अनेकांना गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते आणि एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे आहे. म्हणूनच एका फेरीत काम पुरे व्हावे यासाठी रिकाम्या पोटी किती तास राहायचे हे आधी विचारून जावे. शिवाय व्रणाच्या कडेचा व तळाचा असे दोन्ही तुकडे तपासणीला जाणार आहेत ना, हेही विचारावे. कारण हर्पिसचा पुरावा कडेच्या पेशींत सापडतो आणि सायटोमेगालोचा तळाशी.