खुंटलेला तरू आणि विकतचे निदान

संकेश्वरी मिरचीचे बी गच्चीवर टाकावे आणि मृगाला रोपे कुंड्यांत लावावीत, एवढाच माझा बेत होता. बेळगावच्या वडगावातील आमच्या घरी वर्षाची चटणी अजूनही घरच्या मिरचीचीच व्हावी असा हट्ट असतो, त्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एका व्हॉट्सॲप गटावर ‘मूळ संकेश्वरीचे गावरान बी आणि ५ किलोचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या सोडणांच्या भुशाचा, ठोकळा’ अशी जाहिरात दिसताच मी ८३० रुपये पाठवून मोकळी झाले. विक्रेता मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलत होता, दर वाक्याला ‘ताई’ म्हणत होता, आणि खरे सांगायचे तर त्या ‘ताई’नेच माझी निम्मी सावधगिरी गेली.

पाकिटावर मिरचीच्या छायाचित्राखेरीज ना मराठीत काही होते, ना कन्नडमध्ये. वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख, यांपैकी एकही गोष्ट छापलेली नसताना मी ते बी त्याच कोकोपीटने भरलेल्या ट्रेमध्ये टाकले. बाराव्या दिवसापर्यंत निम्मेही उगवले नाही. जे उगवले ते बीजपत्रांवर आणि दोन इवल्या पानांवर येऊन थांबले. महिना झाला तरी रोप दोन बोटांच्या वर गेले नाही आणि पानांच्या कडा करपू लागल्या.

मी फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आले, ‘ताई, हा चुरडा-मुरडा आहे,’ आणि दुसऱ्या दिवशी ६५० रुपयांची बाटली दारात. वास्तविक चुरडा-मुरडा झाला की पाने आकसतात आणि वाकडी होतात, माझी पाने तर सपाट होती. शिवाय त्या रोगामागे विषाणू असेल तर तो बरा करणारे औषधच नाही, फक्त तो पसरवणाऱ्या किडीला आवर घालता येतो. हे मला पुढे कळले. आठवड्याने दुसरा फोटो पाठवला तेव्हा रोग बदलून ‘अन्नद्रव्यांची कमतरता’ झाला होता आणि टॉनिकची किंमत ९०० रुपये झाली होती. ते टॉनिक घातल्यावर चार दिवसांत अकरा रोपे माना टाकून पडली.

शेवटी मी ट्रे घेऊन कडोलीच्या बाजूला रोपवाटिका चालवणाऱ्या एका ओळखीच्या मामांकडे गेले. त्यांनी पानांकडे पाहिलेच नाही. एक रोप अलगद उपसून मुळी तळहातावर ठेवली. ती पांढरी असायला हवी होती, तर चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी आणि टोकाला बोथट होती. मग त्यांनी ओले कोकोपीट मुठीत पिळून वाटीत पाणी काढले आणि पाण्याच्या फिल्टरवाल्याकडे असते तसली पेनाएवढे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, त्यात बुडवले. नळाच्या पाण्याला ८० आकडा आला होता, या पाण्याला १,९००.

‘काकू, हे न धुतलेलं आहे,’ मामा म्हणाले. नारळाची सोडणे अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार उरतात. ते धुऊन, पुढे कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून काढले नाहीत तर कोवळ्या मुळीला ओलाव्यात असूनही पाणी ओढता येत नाही. टॉनिक म्हणजे पुन्हा क्षारच. म्हणजे रोग ज्याने विकला होता तोच त्यावर औषध विकत होता, आणि प्रत्येक औषधाने रोग वाढत होता.

उरलेल्या बियांपैकी २० मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, ९ मोडल्या. म्हणजे उगवण ४५ टक्के झाली, मिरचीच्या बियाण्याला किमान ६० टक्के लागते.

विक्रेत्याला हे सगळे कळवल्यावर त्याने मला गटातून काढले आणि फोन उचलणे बंद केले. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर बिल आहे का असे विचारले गेले. माझ्याकडे पैसे पाठवल्याच्या तीन नोंदी आणि फोटो होते, बिल एकदाही मागितले नव्हते. तेवढ्यावरच तक्रार नोंदवली आहे. बिनलेबलचे पाकीट आणि दोन्ही बाटल्या मी फेकलेल्या नाहीत.

ठोकळ्याचा उरलेला भाग बादलीत घालून पाच वेळा पाणी बदलले, तेव्हा आकडा २१० वर आला. कॅल्शियम नायट्रेट आणि गांडूळखत मामांनी दिले. जगलेली चौदा रोपे त्यात हलवल्यावर दहाव्या दिवशी नवी पाने फुटली, मात्र तोवर मृग सरून आर्द्रा लागले होते.