त्यानं सांगितलेलीच चाचणी मी केली

गोल्फचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, विकणारा फोनवरचा माणूस म्हणाला, "काका, तुम्ही धातूतले माणूस. माझ्या शब्दावर जाऊच नका. क्लबच्या डोक्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर पैसे परत." मी लावला. चिकटला नाही. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत क्वालिटी खात्यात 27 वर्षं काढलेल्या मी तेवढ्यावर विश्वास ठेवला आणि त्याच संध्याकाळी उरलेले 48,500 रुपये पाठवून दिले.

हे लिहितोय ते खांद्याच्या दुखण्यानं खेळ सुटलेल्यांसाठी. कोल्हापुरात गोल्फ खेळणारे किती असतील? पण खांदा आखडलेले घरटी एक सापडतील, आणि दुखण्याला चिकटून येणारा हा धंदा गोल्फपुरता नाही.

मी गोल्फ शिकलो जमशेदपूरला, नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत. तिथं गोलमुरी आणि बेल्डीह अशी दोन मैदानं आहेत. पाळी संपली की आम्ही पोरं पळायचो. कोल्हापूरला आल्यावर खेळ कमी झाला, पण सुटला नाही. गच्चीवर जाळी बांधून रोज चाळीस-पन्नास चेंडू मारायचे आणि महिन्यातनं एकदा बेळगावला मित्राबरोबर मैदानावर जायचं. कॅम्पातलं तेच मैदान, जिथं 2022 च्या ऑगस्टात बिबट्या शिरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही दोघं ते महिने चडफडत घरी बसलो होतो, एवढी त्या फेरीची ओढ.

दोन वर्षांपूर्वी डावा खांदा आखडायला लागला. फ्रोझन शोल्डर. मला मधुमेह आहे, आणि मधुमेह्यांना हे दुखणं जास्त गाठतं असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी दुखतं, मग सांधा धरून बसतो, मग हळूहळू सुटतो; सगळं मिळून वर्ष-दोन वर्षं धरा, कधी जास्तही. उजव्या हाताच्या खेळाडूला डावा खांदाच पुढं न्यायचा असतो. क्लब मागं नेताना तो हात छातीवरून आडवा जातो, आणि चेंडू गेल्यावर कोपरात मोडत बाहेरच्या बाजूला वळतो. हे बाहेर वळणंच या दुखण्यात सगळ्यात आधी जातं. शर्टाच्या बाहीत हात घालताना सौ.ची मदत लागायची, तिथं क्लब कुठला फिरवणार?

अशात मोबाइलवर ती जाहिरात आली. खांदा न वळणाऱ्यांसाठी खास गोल्फ सेट, बारा क्लबचा. टायटॅनियमची डोकी, 45 ग्रॅमचे ग्राफाइट शाफ्ट (कार्बनच्या धाग्यांचे हलके दांडे), जाड मऊ ग्रिप (मूठ), मापानुसार बनवून. मी चौकशीचा फॉर्म भरला. दहा मिनिटांत फोन आला. बोलणारा आधी हिंदीत होता, कोल्हापूर ऐकल्यावर मराठीत आला. आई साताऱ्याची आहे म्हणाला. खांदा कधीपासून, रात्री झोप लागते का, कुठल्या कुशीवर झोपता, सगळं त्यानं विचारलं. इतक्या आपुलकीनं मला त्या वर्षात घरच्यांशिवाय कुणी विचारलं नव्हतं. मी तिथंच अर्धा फसलो होतो, हे आज कळतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर "कंपनीचे फिजिओ" आले. हात वर करा, मागं घ्या, बाहेर वळवा. त्यांनी आकडे सांगितले आणि माझ्या मापाचा तक्ता पाठवला. एकूण 63,500 रुपये. 15,000 आगाऊ दिले की नमुन्याची एक सात नंबरची आयर्न (चपट्या डोक्याचा, मधल्या पल्ल्याचा क्लब) येणार, ती तपासून पटली तर बाकीचे पैसे. असा सौदा मला फारच सरळ वाटला. नमुना आला, मी चुंबक लावला, पुढचं वर सांगितलंच आहे. सेट निघाल्यावर "कस्टममध्ये अडकलाय" म्हणून आणखी 7,800 मागितले, तेही दिले. सगळे मिळून 71,300.

त्या चुंबकाबद्दल सविस्तर सांगतो, कारण माझी खरी चूक तिथं आहे. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण जस्ताला तरी कुठं चिकटतो? ॲल्युमिनियमला, पितळेला, बऱ्याच स्टेनलेसलाही चिकटत नाही. न चिकटण्यानं एवढंच कळतं की डोकं साध्या लोखंडाचं नाही. फौंड्रीत कुणी पोरगं माझ्याकडं असा रिपोर्ट घेऊन आलं असतं तर मी त्याला परत पाठवला असता. आणि चुंबक डोक्यावर लावा असंच त्यानं सांगितलं, म्हणून मी तो दांड्यावर लावलाच नाही. ग्राफाइटच्या दांड्याला चुंबक लागायलाच नको. माझ्या हातात चुंबक होता, दांडा चार बोटांवर होता. विकणाऱ्यानं ठरवून दिलेली चाचणी मी केली आणि स्वतः तपासल्याचं समाधान मिळवलं.

वजन करायचंही सुचलं नाही, कारण क्लब हातात हलका वाटत होता. त्यामागचं कारण नंतर कळलं. दांडा दीड इंच आखूड होता आणि ग्रिप जाड, म्हणजे जड. आखूड काठी आणि मुठीकडं वजन, असं असलं की डोकं हाताला कमी भरतं. एकूण वजन तेवढंच असलं तरी हलवून बघताना फसगत होते.

सेट आल्यावर सात आठवडे मी गच्चीवर तो फिरवत होतो. सगळ्यात वाईट गोष्ट आता सांगतो. त्या व्हिडिओतल्या फिजिओनं बजावलं होतं की बाहेरची फिजिओथेरपी बंद ठेवा, दोन्हीकडून ताण नको, क्लबच खांदा मोकळा करील. मी राजारामपुरीतल्या बाईंकडं जायचं थांबवलं. त्या माझ्याकडून भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम करून घ्यायच्या. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर मी रोज बोट पोचेल तिथं पेन्सिलची रेघ मारत होतो. चार महिन्यांत रेघा वीतभर वर सरकल्या होत्या. सात आठवड्यांनी सौ. म्हणाली, "एकदा भिंतीशी उभं राहून बघा की." बोट जुन्या रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. रात्रीची कळही परत आली होती.

संशय माझ्या मनात आलाच नाही, तो आणला बेळगावच्या कॅडीनं, म्हणजे मैदानावर आमची बॅग वाहणाऱ्यानं. फेब्रुवारीत मित्र आग्रहानं घेऊन गेला. दुसऱ्या टीवर (दुसऱ्या खड्ड्यासाठी पहिला फटका मारायच्या जागी) कॅडीनं बॅगेतला क्लब काढून माझ्या हाती दिला, परत घेतला, आणि माझ्या मित्राचा ग्राफाइटचा क्लब दुसऱ्या हातात धरून म्हणाला, "साहेब, यात आणि त्यात लई फरक आहे. हे स्टील आहे." वीस वर्षं क्लब उचलणाऱ्याच्या हाताला काट्याची गरज नसते. खिशातली किल्ली होती, तिच्या साखळीला छोटा चुंबक. दांड्याला लावला. खट्‌कन चिकटला.

परत आल्यावर थेट उद्यमनगरात, ओळखीच्या मिस्त्रींच्या लेथवर. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती मला सुचली नसती: "सगळं कापू नका. एकच घ्या, व्हिडिओ काढत कापा, बाकीचं जसंच्या तसं बांधून ठेवा." नमुन्याची सात नंबरची आयर्न काट्यावर ठेवली. 428 ग्रॅम. माझी जुनी स्टीलची सात नंबर 432. म्हणजे 71,300 रुपयांत चार ग्रॅम कमी झाले होते. दांडा डोक्यात बसतो त्या मानेला हीट गनची ऊब देऊन डोकं सोडवलं, ग्रिप उतरवली. नुसता दांडा 100 ग्रॅम भरला. हॅकसॉ लावल्यावर काळ्या विणीचं स्टिकर उललं आणि आत स्टीलची नळी. डोकं हवेत 255 ग्रॅम, दोऱ्यानं पाण्यात बुडवून 217. फरक 38, म्हणजे घनता 6.7. टायटॅनियम साडेचारच्या आसपास असतं, स्टील 7.8 च्या. 6.7 म्हणजे जस्ताचं डायकास्टिंग, साच्यात दाबून ओतलेलं. बाथरूमच्या नळाच्या मुठी होतात तेच.

मग बिल उघडलं, जे मी आधी नुसतं फाइलला लावलं होतं. पत्ता गुरुग्रामचा आणि जीएसटी क्रमांक 27 नं सुरू होणारा. 27 महाराष्ट्राचा, हरियाणाचा 06. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो पंधरा अक्षरी क्रमांक टाकला तर भलत्याच कापड व्यापाऱ्याचं नाव आलं. यूपीआयवर पैसे घेणारं नावही कंपनीचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. तेव्हा फोनवरचा माणूस "तो आमचा अकाउंटंट" म्हणाला होता. कागदावर "आर अँड ए प्रमाणित, दिव्यांग नियमानुसार" असंही छापलेलं. आर अँड ए ही गोल्फचे नियम ठरवणारी संस्था. 2023 पासून नियमांत दिव्यांग खेळाडूंसाठी 25 वा नियम आला, तो खरा आहे. पण तो अंध, अवयव गमावलेले, चालण्यासाठी साधन वापरणारे आणि बौद्धिक अक्षमता असलेले यांच्या खेळण्याच्या सवलतींबद्दल आहे. त्यात कुठल्या क्लबला शिक्का देण्याचा विषयच नाही. ड्रायव्हरच्या (सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या) मान्य डोक्यांची यादी संस्था प्रसिद्ध करते, त्यात हे नाव नव्हतं. आणि सेटमधला लांब पटर (चेंडू खड्ड्याकडं ढकलायचा क्लब) छातीला टेकवून मारा असं पत्रकात लिहिलेलं. क्लब अंगाला असा रोवून मारायला 1 जानेवारी 2016 पासून बंदी आहे. खांदा आखडलेल्या माणसाला स्पर्धेत दंड लावणारं साधन "सोय" म्हणून विकलं.

फोन केला तेव्हा आधी "24 तासांत पेटी उघडल्याचा व्हिडिओ पाठवायला हवा होता", मग "मापानं बनवलेला माल परत नाही", मग फोन बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण पैसे जाऊन दोन महिने झाले होते, खात्यात काही उरलं नव्हतं. हा नंबर पैसे गेल्याच्या पहिल्या तासांत फिरवायचा असतो. बँकेनं सांगितलं, तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 2019 च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच दावा लावता येतो, गुरुग्रामला हेलपाटे नाहीत. आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून मिस्त्रींचा तो सल्ला लाखमोलाचा.

खांदा अडलेल्यांना खरं काय उपयोगी पडतं, तेही सांगतो, नाहीतर लोक घाबरून सगळंच सोडतील. ग्राफाइटचे शाफ्ट खरोखर मिळतात. आयर्नचा साधारण 50 ते 80 ग्रॅमचा असतो, स्टीलचा 90 ते 130. सीनियर फ्लेक्स (जास्त लवणारा दांडा), जास्त लॉफ्टचा (तोंड जास्त तिरपं असलेला) ड्रायव्हर, लांब आयर्नच्या जागी हायब्रिड (मारायला सोपा, जाडसर डोक्याचा क्लब), जाड ग्रिप, बॅग खांद्यावर न घेता ट्रॉली. यातली जाड ग्रिप तर जुन्याच क्लबला थोड्या पैशांत बसवून मिळते. "खांद्यासाठी खास" असा शिक्का यातल्या कशालाच लागत नाही. घ्यायचंच तर डोकं, दांडा, ग्रिप यांचं वेगवेगळं वजन ग्रॅममध्ये लिहून मागा, आणि क्लब काट्यावर घालून मगच पैसे द्या. आणि कुणीही, कितीही गोड बोलून, तुमचे व्यायाम बंद करायला सांगत असेल तर तिथंच फोन ठेवा.

मी राजारामपुरीत परत जायला लागलो. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत सात आठवड्यांची रिकामी जागा सोडून पुढं तारीख घातली. परवा बोट जुन्या रेघेला लागलं. अकरा क्लब गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेत, सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कापलेला बारावा उद्यमनगरात मिस्त्रींच्या खिडकीत आहे. कुणाला बघायचा असेल तर ते दाखवतात.